तीन मिनिटांचं प्रवचन

एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनची सुरुवातीची तबकडी तळहातावर मावेल एवढी होती, जेमतेम पाच इंची. 1889 च्या सुमारास जर्मनीतल्या एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने हे यंत्र चक्क लहान मुलांचं खेळणं म्हणून विकायला काढलं. त्या चिमुकल्या तबकड्यांमध्ये बालगीतं होती, आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही ख्रिस्ती घराघरांत म्हटली जाणारी प्रार्थनाही होती.

खेळण्यात प्रार्थना कशाला? मला यामागे भक्तीपेक्षा व्यवहार जास्त दिसतो. त्या तबकडीतला आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणीतरी शेजारच्या खोलीत बोलतंय असा. अनोळखी मजकूर असेल तर निम्मा कळायचाच नाही. पण जो मजकूर पाठ आहे तो कान आपणच पुरा करतो. दोन शब्द ऐकू आले की मधले चार मनातून उमटतात, आणि ऐकणारा खुशीत म्हणतो, अरे वा, किती स्पष्ट!

पुढची पस्तीस वर्षं भक्तिगीतांच्या आणि प्रवचनांच्या रेकॉर्डींवर याच गोष्टीची छाप आहे. काय गायचं, किती गायचं, कोणी गायचं, हे पाद्र्यांनी कमी ठरवलं, यंत्राने जास्त.

म्हणून आधी यंत्र. 1925 पर्यंत बाजारात आलेल्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्डी विजेच्या मदतीशिवाय मुद्रित झाल्या. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारं मेण, एवढाच सरंजाम. गाणारा कर्ण्यात तोंड घालून गातो, कर्णा हवेचे धक्के गोळा करून पडद्यावर आणून सोडतो, पडदा थरथरतो, सुई थरथरते आणि मेणात चर कोरला जातो. ऐकताना हाच प्रवास उलटा: चरावरून सुई फिरते, पडदा हलतो, कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. एडिसनच्या फोनोग्राफवर तबकडीऐवजी मेणाची नळकांडी फिरायची आणि तिच्यावर सुई वर-खाली होत चर कमी-जास्त खोल करायची, बर्लिनरच्या तबकडीवर ती डावी-उजवीकडे वळायची. बाकी तत्त्व तेच.

यातली गोम अशी की मेण कोरायला लागणारी सगळी ताकद गाणाऱ्याच्या फुप्फुसातून यायची. मध्ये आवाज वाढवणारं काही नाही. म्हणजे गाणारा जवळ हवा, आवाज खणखणीत हवा, आणि माणसं मोजकी हवीत. चारजण कर्ण्यासमोर डोकी जुळवून उभे राहत, वरचा स्वर लागणार असेल तर त्या गायकाने अर्धं पाऊल मागे जायचं, नाहीतर सुई उसळून चर बिघडायचा. दहा हात लांब बसलेल्या माणसाने कितीही भक्तिभावाने 'आमेन' म्हटलं तरी मेणाला त्याचा पत्ता लागत नसे.

दुसरी अडचण स्वरांच्या टप्प्याची. सेकंदाला साधारण 250 ते 2,500 कंपनं, एवढ्याच पट्ट्यातला आवाज या यंत्राला नीट पकडता येई. चर्चमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनचे खर्जातले स्वर याच्या कितीतरी खाली असतात. ते गेलेच. म्हणून जुन्या भक्तिगीतांच्या रेकॉर्डींवर साथीला बहुतेक पितळी वाद्यं किंवा पायपेटी सापडते, आणि चर्चचा तो छाती भरून टाकणारा ऑर्गन सापडत नाही. वरच्या बाजूला 'स', 'श', 'फ' या वर्णांची जी सळसळ असते ती मुख्यतः 4,000 कंपनांच्या पुढची. तीही गेली. गाण्यात हे खपून जातं, कारण सूर स्वरांवर चालतो. बोलणं मात्र व्यंजनांवर उभं असतं. 'स' आणि 'फ' सारखेच ऐकू यायला लागले की प्रवचनकाराचं काय होत असेल, ते एकदा फोनवरून कोणाला आडनाव सांगून पाहावं.

तिसरी अडचण वेळेची. मेणाच्या नेहमीच्या नळकांडीवर सुमारे दोन मिनिटं मावायची. चार मिनिटांची नळकांडी एडिसनने 1908 साली आणली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास. सावकाश बोलणारा माणूस दोन मिनिटांत अडीचशे-तीनशे शब्द बोलतो. एवढ्यात पाद्री नमस्कार-चमत्कार आटपून विषयाला हात घालतो न घालतो तोच नळकांडी संपलेली.

या तिन्ही अडचणी एका झटक्यात ओलांडून पाहण्याचा एक धाडसी प्रयोग फार आधी झाला होता. 29 जून 1888 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडेलचं 'इस्रायल इन इजिप्त' हे बायबलवर आधारलेलं भव्य गायन चाललं होतं. चार हजारांहून अधिक गायक, आणि एडिसनचे प्रतिनिधी कर्नल गुरो यांनी तिथे पत्रकारांच्या सज्जात फोनोग्राफ मांडलेला. व्यासपीठापासून शंभरेक यार्डांवर. त्यातल्या काही नळकांड्या आजही आहेत. मी त्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा काही सेकंद पाऊसच ऐकतोय असं वाटलं. मग त्या खरखरीच्या पोटातून काहीतरी लाटेसारखं वर आलं, थोडं थांबलं आणि परत बुडालं. तीच ती चार हजार माणसं.

त्यानंतर कंपन्यांनी असा नाद सोडला आणि एकेकट्या गळ्याकडे वळल्या.

1890 च्या दशकात अमेरिकेत ड्वाइट मूडी आणि आयरा सँकी ही जोडी घरोघर माहीत होती. मूडी बोलायचे, सँकी पायपेटीवर बसून गायचे. 'नाइंटी अँड नाइन', म्हणजे नव्व्याण्णव मेंढरं सुरक्षित असताना हरवलेल्या एका मेंढराच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचं गाणं, हे सँकींचं सर्वांत गाजलेलं गीत. 1874 साली स्कॉटलंडमध्ये आगगाडीत वर्तमानपत्र वाचताना ती कविता त्यांच्या नजरेस पडली, कात्रण खिशात गेलं, आणि एडिंबरोच्या सभेत मूडींनी ऐनवेळी गायला सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे चाल बांधली. शतक संपता संपता साठीला टेकलेल्या सँकींनी फोनोग्राफसमोर गाणी गायली. पण 'नाइंटी अँड नाइन'ला कडवी पाच. संथ चालीत ती दोन मिनिटांत बसत नाहीत. मेंढरू सापडेपर्यंत मेण पुरायचं नाही.

मूडींचा आवाजही 1898 च्या सुमारास मुद्रित झाला. गंमत बघा, हजारोंच्या सभा हलवणाऱ्या या माणसाने कर्ण्यासमोर प्रवचन दिलं नाही. बायबलमधली 'धन्य ते' ही वचनं वाचून दाखवली: 'जे आत्म्याने दीन ते धन्य'. पुन्हा तेच, पाठ असलेला मजकूर. 1899 च्या डिसेंबरात मूडी वारले.

अस्सल प्रवचनं या काळात एवढी कमी का, याचं आणखी एक रुक्ष कारण आहे. सुरुवातीच्या नळकांड्यांची प्रत काढण्याची चांगली सोय नव्हती. साच्यातून धडाधड प्रती काढण्याचं तंत्र एडिसनच्या कंपनीने 1902 साली बाजारात आणलं. तोपर्यंत शंभर नळकांड्या विकायच्या तर गायकासमोर चार-सहा कर्णे लावून तेच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचं, किंवा एकीवरून दुसरी कोरत जायची आणि दर वेळी आवाज थोडा गमवायचा. स्टुडिओतल्या पगारी गायकाला याचं काही वाटत नसे. पण पश्चात्तापाने डोळ्यांत पाणी आणणारं प्रवचन सकाळपासून पंधराव्यांदा द्यायचं म्हटलं तर कोणत्या पाद्र्याच्या घशातून ते निघेल?

शिवाय हा माल खपत होता कुठे, तेही पाहायला हवं. पैसे टाकून ऐकायचा पहिला फोनोग्राफ 23 नोव्हेंबर 1889 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात बसला. नाणं टाकायचं, रबरी नळ्या कानाला लावायच्या. अशा यंत्रांच्या जगात विनोदी गाणी, बँड आणि भक्तिगीतं एकाच पंगतीत बसत. प्रार्थनेचा असा बाजार व्हावा का, ही कुरकुर पुढेही संपली नाही. यहुदी प्रार्थना गाणाऱ्या हझानांच्या रेकॉर्डी निघू लागल्या तेव्हा त्यांच्यातही यावरून बरीच जुंपली, कारण तबकडी कुठे वाजेल यावर गाणाऱ्याचा ताबा राहत नाही.

पोपना मात्र यात वावगं वाटलं नसावं. 1903 च्या फेब्रुवारीत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, तेराव्या लिओंनी जियान्नी बेत्तिनी नावाच्या यंत्रज्ञासमोर 'आवे मारिया' आणि आशीर्वाद म्हटला. त्या जुलैत ते गेले. 1810 साली जन्मलेल्या माणसाचा आवाज आज ऐकू येतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही. त्याच सुमारास, 1902 आणि 1904 साली, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमधले गायक आलेस्सांद्रो मोरेस्की यांचा आवाज ग्रामोफोन कंपनीने टिपला. आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्चीकरण केलेल्या गायकांची युरोपात जुनी परंपरा होती. एकल गायनाच्या रेकॉर्डी मागे ठेवणारे त्यांतले मोरेस्की एकटेच. लोक या रेकॉर्डी कुतूहलाने लावतात आणि दोन मिनिटांत अस्वस्थ होऊन बंद करतात. पूर्ण ऐकाव्यात असं मी म्हणेन.

पण आपल्या गोष्टीचा मुख्य धागा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. तिथलं प्रवचन एकट्याचं नसतं. पाद्री एक ओळ टाकतो, समोरची मंडळी 'आमेन', 'होय प्रभू', 'सांगा, सांगा' म्हणत ती झेलतात, आणि त्या उत्तरावर पाद्री पुढच्या ओळीची पट्टी ठरवतो. बोलणं हळूहळू लयीत येतं, लय सुरात जाते, आणि शेवटी तो गातोय की बोलतोय हे सांगता येत नाही. भजन गाण्याचीही एक जुनी रीत होती. पुढारी कडव्याची एक ओळ झपकन म्हणून दाखवतो आणि सगळी मंडळी ती सावकाश, ताणून, ज्याच्या त्याच्या वळणांनी गातात. पुस्तकं नव्हती, अनेकांना वाचता येत नव्हतं, त्या काळापासून चालत आलेली ही पद्धत. एक कडवं म्हणता म्हणता तीन मिनिटं सहज जातात.

आता यातलं काय कर्ण्यात शिरणार? शिरली ती चौकडी. ऑक्टोबर 1902 मध्ये व्हर्जिनियाच्या डिनविडी कलर्ड क्वार्टेटने व्हिक्टर कंपनीसाठी सहा गाणी मुद्रित केली. आपल्या भागातल्या शाळेसाठी पैसे उभे करत फिरणारे हे चार गायक. 1909 च्या डिसेंबरात नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या चौघांनी, जॉन वर्क यांच्या नेतृत्वाखाली, 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' तबकडीवर आणलं. गुलामगिरीच्या काळातली ही गाणी फिस्कच्या गायकांनी 1871 पासून रंगमंचावर गाऊन जगभर नेली होती. त्यांचं गाणं सुंदर आहे, घोटलेलं आहे. पण ते मैफलीचं आहे. समोर मंडळी नाहीत, री ओढणारं कोणी नाही.

गोऱ्यांच्या बाजूलाही तेच. व्हिक्टरच्या ट्रिनिटी क्वायरसारखे गट म्हणजे स्टुडिओतले पगारी गायक, सकाळी भक्तिगीत आणि दुपारी प्रेमगीत. प्रचारसभांमधून थेट आलेला एक मोठा गडी म्हणजे होमर रोडहीवर. बिली संडे या गाजलेल्या प्रवचनकाराच्या सभांमध्ये हा हातात ट्रॉम्बोन घेऊन हजारोंना गायला लावायचा. 1920 च्या सुमारास त्याने रेनबो नावाची, निव्वळ भक्तिगीतांना वाहिलेली रेकॉर्ड कंपनीही काढली. ते हजारो लोक मात्र त्याच्याही रेकॉर्डींवर नाहीत.

मग वीज आली. अर्थ असा की कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. आवाजाचे धक्के विजेच्या प्रवाहात बदलायचे, तो प्रवाह यंत्राने हवा तेवढा वाढवायचा, आणि वाढवलेल्या ताकदीने सुई हलवायची. मेण कोरायला आता फुप्फुसाची गरज उरली नाही. लांबचा, हळू, बाजूचा आवाजही पकडता येऊ लागला, आणि टप्पा साधारण 100 ते 5,000 कंपनांपर्यंत रुंदावला. 'स' परत आला.

विजेवर मुद्रित होऊन विक्रीला आलेल्या पहिल्या रेकॉर्डी धार्मिक सोहळ्याच्याच आहेत. 11 नोव्हेंबर 1920 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अनाम सैनिकाचा दफनविधी झाला, तेव्हा गेस्ट आणि मेरिमन या दोघांनी आत मायक्रोफोन लावून बाहेर उभ्या गाडीत ध्वनिमुद्रण केलं. 'अबाइड विथ मी' त्यात आहे, धूसर, पण जमावाच्या तोंडून. तंत्र अजून कच्चं होतं. ते पक्कं केलं अमेरिकेत, बेलच्या प्रयोगशाळेतल्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी, आणि 31 मार्च 1925 रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये कोलंबिया कंपनीने त्याची चुणूक दाखवली. पुरुष गायक-मंडळांच्या मेळाव्यात 'आदेस्ते फिदेलिस' हे नाताळचं गीत चालू असताना प्रेक्षकही गायला लागले. तबकडीवर छापलं: 4,850 आवाज. सदतीस वर्षांपूर्वी क्रिस्टल पॅलेसमध्ये जे निसटलं ते आता जमलं.

दुसऱ्याच वर्षी, एप्रिल 1926 मध्ये, कोलंबियाची माणसं हेच यंत्र घेऊन अटलांटाला गेली आणि तिथल्या एका बाप्टिस्ट चर्चचे पाद्री, रेव्हरंड जे. एम. गेट्स, मायक्रोफोनसमोर उभे राहिले. 'डेथ्स ब्लॅक ट्रेन इज कमिंग', मृत्यूची काळी गाडी येते आहे. गेट्सचा आवाज घोगरा, जड, घाई नसलेला. साथीला कोणतंही वाद्य नाही. ते बोलायला लागतात, बोलता बोलता गाण्यात उतरतात, आणि बाजूने बायकांचे आवाज त्यांना येऊन मिळतात, थोडे मागे, थोडे तिरके, नेमके चर्चमध्ये मिळतात तसे. त्या 'मंडळी' म्हणजे स्टुडिओत सोबत आणलेली दोन-चार माणसं. तीन मिनिटांचं चर्च उभं करायला तेवढी पुरली.

रेकॉर्ड तुफान खपली. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी कंपन्या तेव्हा वेगळी यादी काढत, तिला 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत, आणि तबकडीची किंमत असे 75 सेंट. गेट्सना त्याच वर्षी एकामागून एक कंपन्यांनी बोलावलं आणि त्यांनीही कोणाला नाही म्हटलं नाही. 1941 पर्यंत त्यांच्या दोनशेहून अधिक बाजू निघाल्या. गेट्सच्या आधी प्रवचनाचा प्रयत्न झालाच नव्हता असं नाही. कोलंबियानेच 1925 च्या जानेवारीत रेव्हरंड कॅल्विन डिक्सन यांची प्रवचनं मुद्रित केली होती, कर्ण्यासमोर. त्यांची फारशी चर्चा झाली नाही. पंधरा महिन्यांत पाद्र्यांची जात बदलली नव्हती. बदललं होतं ते यंत्र, असं माझं मत. अर्थात गेट्सचा गळा हेही कारण आहेच.

मग प्रवचनांची लाट आली आणि तीन मिनिटांत काय मावतं याचा शोध लागला. तासाभराच्या प्रवचनात दाखले, वळणं, माघार घेऊन पुन्हा चढणं असतं. तबकडीला एकच प्रतिमा हवी, तीही पहिल्या वाक्यात. म्हणून मथळे बघा: गेट्स नाताळच्या तोंडावर विचारतात, या वर्षी मृत्यूच तुमचा सांताक्लॉज झाला तर? दुसऱ्या एका रेकॉर्डवर ते मंडळींना हप्त्याने फर्निचर देणाऱ्याचे पैसे चुकते करायला बजावतात. शिकागोचे रेव्हरंड मॅकगी पियानो, गिटार, कर्णावाद्यं घेऊन आले, कारण त्यांच्या पंथात उपासनेत वाद्यं चालत.

सर्वांत हुशारीने हा साचा वापरला तो रेव्हरंड ए. डब्ल्यू. निक्स यांनी. 1927 ची त्यांची 'ब्लॅक डायमंड एक्सप्रेस टू हेल' ही नरकाला निघालेली आगगाडी आहे. ब्लॅक डायमंड एक्सप्रेस नावाची खरीखुरी गाडी तेव्हा रुळांवर धावत होती, त्यामुळे नाव सगळ्यांना ओळखीचं. निक्स गार्डाच्या थाटात एकेक स्टेशन पुकारतात: दारुड्यांचं गाव, खोटारड्यांची पेठ. प्रत्येक स्टेशनावर कोण चढणार ते सांगतात, मंडळी विव्हळतात, आणि गाडी सुटते. स्टेशनं असल्यामुळे मजकुराचे आपोआप तुकडे पडतात, आणि अर्धी गाडी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला. मध्येच ऐकणाऱ्याने उठायचं, तबकडी उलटायची, चावी द्यायची आणि पुन्हा गाडीत बसायचं. यंत्राची अडचण त्यांनी कथेतच मुरवून टाकली.

हे फार दिवस टिकलं नाही. 1929 च्या मंदीने रेकॉर्डींचा धंदाच बसला. अमेरिकेत 1927 साली सुमारे दहा कोटी तबकड्या विकल्या गेल्या होत्या, 1932 साली साठेक लाख. रेडिओवर तर 2 जानेवारी 1921 पासूनच, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून, अख्खी उपासना फुकट ऐकायला मिळू लागली होती.

आता हे सगळं ऐकायचं असेल तर फार खटपट लागत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कर्ण्याच्या काळातल्या व्हिक्टरच्या हजारो तबकड्या इंटरनेटवर ठेवल्या आहेत, सँटा बार्बराच्या विद्यापीठाने नळकांड्या. तपकिरी मेणाच्या नळकांड्यांची अवस्था मात्र वाईट असते. मेणाला बुरशी धरते, ती चर खाऊन टाकते, आणि सुई टेकवली तर उरलंसुरलंही निघून येतं. म्हणून बर्कलीच्या प्रयोगशाळेत चराचे बारीक फोटो काढून त्यावरून संगणकाने आवाज उभा करायची पद्धत निघाली, मेणाला हात न लावता. फोटोत दिसतं तेवढंच मात्र ऐकू येतं. मूडी 'धन्य ते' वाचतात, ओळीनंतर क्षणभर थांबतात, आणि त्या जागी नुसती खरखर वाजते.